सोळा नंबर

सुहासिनीबाई आठल्ये कुणालाही कुठलीही गोष्ट दोनदा सांगत नसत. सदतीस वर्षं शाळेत गणित शिकवून ही खोड अंगात मुरली होती. एकदा सांगायचं, कळलं तर उत्तम, नाही कळलं तर पेपर तपासताना बघून घ्यायचं. पुतण्यालाही, म्हणजे पुष्करला, त्यांनी एकदाच सांगितलं होतं. त्याला काही ते कळलं नाही. मग बाईंनी पेपर काढायला घेतला, आणि तो काढायला त्यांना दोन वर्षं लागली.

प्रकरण वाइनचं होतं. बाईंचे यजमान शरच्चंद्र पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. निवृत्त झाल्यावर चारचौघं सारसबागेत फेऱ्या मारतात, हे जांभळाच्या वाइनच्या नादी लागले. हौस दांडगी, आणि त्या काळी पुण्यात वाइनचं सामान मिळेल तर शपथ. रसातली साखर मोजायला काचेची नळी हवी होती, तर दुकानदारानं दूध तपासायचं लॅक्टोमीटर हातात ठेवलं, आणि कशाला हवंय ते कळल्यावर तेही परत काढून घेतलं. बरणीतली हवा बाहेर जावी पण बाहेरची आत येऊ नये, म्हणून औषधाच्या दुकानातून सलाइनची नळी आणली. "घरी कोण आजारी आहे?" असं दुकानदारानं काळजीनं विचारलं. हे म्हणाले, "बरणी."

सगळं निभावलं, घोडं अडलं ते यीस्टपाशी. बेकरीतलं यीस्ट घातलं की वाइनला पावाचा वास यायचा. परदेशातून कुणी पुडी आणून देईल, तर आठल्यांचे सगळे नातेवाईक फार तर बेळगावपर्यंत गेलेले. शेवटी शरच्चंद्र म्हणाले, जांभळाच्या सालीवर यीस्ट असतंच की, आपणच धरू. मग तीन जून महिने त्यांनी वेगवेगळ्या झाडांची जांभळं आणली, त्यांच्या साली वेगवेगळ्या बाटल्यांत भिजत घातल्या आणि बाटल्यांवर नंबर टाकले. एक ते तेवीस. बाई त्याला यीस्ट म्हणत नसत, विरजण म्हणत. घरात पाऊल टाकायला जागा उरली नव्हती आणि बाईंचं तोंड दिवसभर चालू असे.

सतरा नंबर लागला. त्या विरजणाची वाइन बाईंनी चाखली आणि त्या काहीच बोलल्या नाहीत. एवढी स्तुती त्या घरात पूर्वी कुणाच्या वाट्याला आली नव्हती.

बाकीची विरजणं शरच्चंद्रांनी मोरीत ओतून दिली, फक्त सोळा नंबर ठेवला. तो मोठा लबाड होता. पहिले तीन दिवस सतरालाही लाजवेल असा फेस, असा वास. आणि चौथ्या दिवसापासून कुजलेली अंडी. दिवसागणिक वाढतच जाणार. "नापास का झाला ते कळलं पाहिजे," असं ते म्हणायचे. ते कळायच्या आतच हृदयविकारानं गेले. त्यानंतर बाई दर पंधरा दिवसांनी गुळाचं पाणी उकळून, निववून दोन्ही बाटल्यांना घालत राहिल्या. शरच्चंद्रांच्या हातची उरलेली जिवंत गोष्ट एवढीच होती. त्यातली नापास झालेली तेवढी टाकून द्यावी, हे बाईंच्या मनातसुद्धा आलं नाही.

पुष्कर हा शरच्चंद्रांच्या धाकट्या भावाचा मुलगा. विमा विकायचा, बोलायला गोड. काका गेल्यावर तो येत राहिला, बाईंकडून सगळं शिकला, आणि बाईंनी आपल्या हातानं त्याला सतरामधलं अर्धं विरजण काढून दिलं. वर्षभरात त्यानं बिबवेवाडीत एक हॉल घेऊन घरगुती वाइनचे वर्ग सुरू केले. बाईंना कौतुकच वाटलं. मग एका रविवारी वर्तमानपत्रात त्याची मुलाखत आली. त्यात म्हटलं होतं की हे यीस्ट त्याला ताम्हिणीच्या जंगलात सापडलं. त्यानं त्याला नावही दिलंय, 'पुष्कर-वन'. आणि खाली एक ओळ होती: "माझे काका घरी असले प्रयोग करायचे. त्यांना काही जमलं नाही, पण मला त्यातून प्रेरणा मिळाली."

त्यांना काही जमलं नाही. बाईंनी ती ओळ वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. हातातला चहा तसाच गार झाला. माणूस गेल्याचं दुःख त्यांनी पाहिलं होतं, पण हा संताप निराळा होता. गेलेल्या माणसाला कुणीतरी परत एकदा मारत होतं आणि वर त्याच्या पाया पडत होतं.

त्यांनी पुष्करला बोलावून घेतलं. "पेपरात दुरुस्ती छाप. सतरा नंबर काकांचा आहे म्हणून."

"काकू, अगं हे ब्रँडिंग असतं," पुष्कर हसत म्हणाला. "लोकांना स्टोरी लागते. सदाशिव पेठेतल्या मोरीशेजारी यीस्ट सापडलं म्हटलं तर कोण येईल? आणि काका कुठे बघायला आलेत?"

"नाहीत ना आले," बाई म्हणाल्या. "मी आहे."

एवढंच त्या एकदा म्हणाल्या. दिवाळीला तो आला तेव्हा त्यांनी त्याला चकल्या दिल्या. त्याची बायको तनया बिचारी सरळ होती, ती म्हणाली, काकू किती मोठ्या मनाच्या! बाईंनी तिला आणखी दोन चकल्या वाढल्या.

दोन वर्षांनी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, पुष्कर घाम पुसत जिना चढून आला. त्याच्या बरणीत चिलटं गेली होती आणि सगळं विरजण आंबून त्याचं शिर्कं, म्हणजे व्हिनेगर, झालं होतं. नेमकं आता. रविवारी नवा वर्ग सुरू होणार होता. तीस जण आपापल्या बरणीत रस घालणार, बरण्या आठवडाभर हॉलमध्येच राहणार आणि पुढच्या रविवारी सगळ्यांनी मिळून उघडायच्या. त्या दिवशी नाशिकहून एक वाइनरीवाले मुद्दाम येणार होते. पसंत पडलं तर ते 'पुष्कर-वन' विकत घेणार होते.

"काकू, थोडंसं दे ना. तुझ्याकडे असणारच."

"आहे की," बाई म्हणाल्या. त्यांनी फ्रिज उघडला. खालच्या कप्प्यात दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी होत्या, तळाशी दोन्हीकडे तोच करडा गाळ. बाईंचा हात क्षणभरसुद्धा अडखळला नाही. त्यांनी सोळा उचलला, ओल्या फडक्यानं वरचा नंबर पुसून टाकला आणि बाटली पुष्करच्या हातात दिली. "जपून ने हो."

पुष्करनं वाकून नमस्कार केला. बाईंनी तोंडभर आशीर्वाद दिला.

पहिले तीन दिवस त्याचे आनंदाचे फोन आले. फेस काय, वास काय, असा रंग कधी आला नव्हता! गुरुवारी सकाळी पुन्हा फोन आला आणि आवाज जरा उतरलेला होता.

"काकू, थोडा अंड्यासारखा वास येतोय गं. कशानं येत असेल?"

बाई तेव्हा देवापुढे बसल्या होत्या. समोर पंचपात्र आणि तांब्याची पळी होती. असल्या वासावर तांब्याचा उतारा चालतो. तांब्याच्या पळीनं रस नीट ढवळला की तो पुष्कळसा मरतो. शरच्चंद्रांनी सोळावर हाच उपाय करून बघितला होता. चार शब्द सांगितले असते तर पोराचा रविवार वाचला असता. बाईंनी पळीकडे पाहिलं. मग त्यांना ती ओळ आठवली.

"जांभळाला येतो रे सुरुवातीला," त्या म्हणाल्या. "उघडून बघत बसू नकोस मात्र. हवा लागली की पुन्हा शिर्कं होईल."

रविवारी बाई ठेवणीतली नारायणपेठी नेसून, रिक्षा करून बिबवेवाडीला गेल्या. तनयानं त्यांना पुढच्या रांगेत, नाशिकच्या पाहुण्यांच्या शेजारी बसवलं. हॉलमध्ये उदबत्त्यांचा धूर कोंडला होता. पुष्करनं माइकवरून ताम्हिणीचं जंगल, पहाटेचं धुकं, जांभळाचं एकुलतं एक झाड असं बरंच काही सांगितलं. बाई ऐकत होत्या, मान डोलवत होत्या. इतकं सुख त्यांना कित्येक वर्षांत झालं नव्हतं. मग पुष्कर म्हणाला, "एक, दोन, तीन!" आणि तीस जणांनी तीस बुचं काढली.

काय वर्णावं! पुढच्या रांगेतला एक गृहस्थ थेट दरवाजाकडे धावला. मागे कुणीतरी ओकलं. बायकांनी पदर नाकाला लावले, पोरांनी टी-शर्ट वर ओढले, आणि एकजण ओरडला, "अरे, गटार फुटलं काय!" नाशिकच्या पाहुण्यांनी शांतपणे खिशातून रुमाल काढला, नाकावर धरला आणि पुष्करकडे बघत राहिले. पुष्करच्या चेहऱ्याचा पार चुना झाला होता. बाईंनी नाकाला काहीही लावलं नाही. दोन वर्षं वाट पाहिली होती, त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

आणि मग पुष्करनं माइक तोंडाशी धरला.

"एक मिनिट, एक मिनिट! मित्रहो, खरं सांगतो. हे यीस्ट माझं नाही!" त्याला घाम फुटला होता. "हे माझ्या काकांनी बनवलेलं आहे. शरच्चंद्र आठल्ये. सदाशिव पेठेत, घरी, मोरीशेजारी. मी फक्त वापरतो. ह्या काकू बसल्यात समोर, विचारा त्यांना!"

अख्खा हॉल बाईंकडे वळला. साठ डोळे, आणि त्यांच्याखाली रुमाल आणि पदर. जे वाक्य दोन वर्षं मागितलं होतं ते वाक्य अखेर माइकवरून, जाहीर, नावगावासकट बोललं गेलं होतं. आणि ते ह्या घाणीत.

बाई ताडकन उठल्या. "खोटं आहे! म्हणजे खरं आहे, पण हे ते नव्हे. ह्यांचा सतरा नंबर. तो ह्यानं स्वतःच्या नावावर खपवला. हा सोळा आहे. मी मुद्दाम दिला ह्याला सोळा, अद्दल घडावी म्हणून!"

कुणाला काही कळलं नाही. कुठला सोळा, कुठला सतरा. नाशिकचे पाहुणे उठले, त्यांनी बाईंना हात धरून हलकेच खाली बसवलं आणि म्हणाले, "राहू द्या बाई. हौसेनं केलं होतं बिचाऱ्यांनी. होतं असं." मागून एक बाई शेजारणीला म्हणाली, ते बाईंना स्वच्छ ऐकू आलं: "नवऱ्याला सावरून घेतेय गं. अशी प्रेमळ माणसं आता कुठे राहिलीत."

पुष्करचे वर्ग बंद पडले. तो परत विमा विकायला लागला. सदाशिव पेठेत फिरकला नाही. म्हणजे सूड म्हणावा तर पुरेपूर उगवला. बाईंनी त्यानंतर सतरा नंबरची वाइन बाटल्यांत भरून वर्गातल्या सात-आठ जणांना घरी नेऊन दिली. सगळ्यांनी चहा केला, चौकशी केली, बाटली ठेवून घेतली. चव कशी होती ते एकानंही कळवलं नाही. बाईंनी नंतर एकाला विचारलं, तर तो चाचरत म्हणाला की अजून उघडली नाही. त्याच्या मुलीनं आतून सांगितलं, बाबांनी ती संडासात ओतली.

पुढच्या जूनमध्ये बाई बुचं आणायला शनिवार पेठेत गेल्या. आता तिथे एका दुकानात यीस्टच्या पुड्यांपासून नळ्यांपर्यंत सगळं मिळतं, कुणी भुवया उंचावत नाही. काउंटरपाशी एक तरुण मुलगी फोनवर बोलत होती. दुकानदारानं तिला ऋतिका म्हणून हाक मारली होती.

"अगं, काय सांगू, ह्या वेळी माझं पूर्ण शरच्चंद्र झालं!" ती हसत होती. "हो ना, पाचही लिटर. ओतून दिलं शेवटी."

बाईंच्या हातातली बुचं काउंटरवरच राहिली. मुलीनं फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "काय झालं म्हणालीस, बाळ?"

"शरच्चंद्र," मुलगी म्हणाली. "सॉरी आजी, तो आमच्या ग्रुपमधला शब्द आहे. पुण्यात वाइन करणारे सगळेच म्हणतात. वाइनला कुजक्या अंड्यांचा वास मारायला लागला की म्हणायचं, शरच्चंद्र झालं. कुठून आला काय माहीत."

बाई म्हणाल्या, "आणि चांगली झाली तर? तर काय म्हणता?"

मुलीनं जरा विचार केला.

"चांगली झाली तर काहीच नाही म्हणत आजी. पिऊन टाकतो."