हिरव्या शाईचं पाणी

"पाणी सोड म्हणतो ना!" काठी उगारून साहेब टँकरवाल्याच्या अंगावर धावून गेले.

टँकरवाला खाली उतरलासुद्धा नाही. खिडकीतून मान काढून म्हणाला, "टेकडी चढायचा हुकूम बंद झालाय, साहेब. मी खाली शाळेपाशी ओततो. माणूस पाठवा, भरून आणा. सगळे आणतात."

"मी कोण आहे माहितीय का तुला?"

"माहितीय की. माजी आमदार."

'माजी' हा शब्द त्यानं असा काही चावून म्हटला की मला हसू फुटलं. तोंड फिरवून मी बंद पडलेली गाडी पुसत राहिलो. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय!

मी साहेबांचा ड्रायव्हर. ते पंधरा वर्षं आमदार होते, आता पडले. घर माझं इथंच, वरच्या वस्तीत. टेकडीवर आमची सत्तावीस घरं आणि सगळ्यांच्या डोक्यावर साहेबांचा बंगला. वर टिपूस पाणी नाही. कातळच आहे सगळा, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? साहेब निवडून येत होते तोवर बंगल्याला रोज टँकर यायचा आणि वस्तीतल्या बाया कळशी घेऊन उतार उतरायच्या. आमच्यात पुरुष पाणी भरत नाहीत. मीही कधी भरलं नाही, खोटं कशाला बोलू?

साहेबांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही, असं पेपरात छापून यायचं. खरंच आहे ते. अर्ज घेऊन माणूस आला की साहेब जागच्या जागी त्यावर 'काम तातडीने करावे' असं लिहून सही ठोकायचे, पाठीवर हात ठेवायचे. माणूस डोळे पुसत घरी जायचा. पण पेनं दोन होती आणि दोन्ही माझ्या खिशात असायची. साहेब "माझं पेन दे" म्हणाले की हिरव्या शाईचं द्यायचं. नुसतं "पेन दे" म्हणाले की निळ्या शाईचं. हिरवी सही दिसली की ऑफिसातला माणूस उठून कामाला लागायचा, निळी दिसली की कागद गठ्ठ्याच्या तळाला. ही भानगड आम्हाला, ऑफिसवाल्यांना आणि साहेबांची बॅग उचलणाऱ्या बॅगवाल्याला, एवढ्यांनाच ठाऊक होती.

बारा वर्षांपूर्वी माझी बायको वस्तीचा अर्ज घेऊन आली. वरपर्यंत पाइप टाका, नळ द्या. घरोघर फिरून तिनंच अंगठे गोळा केले होते. सत्तावीस घरांची मतं ती कितीशी! साहेबांनी माझ्याकडे न बघता हात पुढं केला.

"पेन दे."

मी दिलं. निळं. बायको समोर उभी, हात जोडून. पोटाचा प्रश्न होता, असं मी अजून स्वतःला सांगतो. वर्षभरानं ती भरल्या कळशीसकट उतारावर घसरली आणि कमरेत कायमची वाकली. तशीच वाकून अजून पाणी आणते.

तर टँकर बंद झाला आणि आठच दिवसांत साहेबांनी अर्ज लिहिला. बाईसाहेब अंथरुणाला खिळलेल्या, त्यांच्या चादरी धुवायला पाणी नाही. पण अर्जात काय लिहिलं? 'वरच्या वस्तीतील गोरगरीब माता-भगिनींचे हाल बघवत नाहीत.' आता आमदार झालाय तो बॅगवाला. त्याच्याकडे कागद घेऊन मलाच पाठवलं.

बॅगवाल्यानं मला खुर्ची दिली, चहा पाजला. "अरे, साहेब म्हणजे माझे गुरू!" म्हणत त्यानं कागदावर 'काम तातडीने करावे' लिहिलं. त्याच्या खिशात दोन पेनं होती. सहीला त्यानं निळं काढलं. मी बघतोय हे त्याला कळलं.

"शिकलो कुणाकडून?" म्हणाला आणि मेल्यानं डोळा मारला.

परत आलो तर साहेब फाटकातच उभे.

"शाई कोणती रे?"

बारा वर्षांची आग होती पोटात. म्हटलं, बस म्हाताऱ्या, बस तूही वाट बघत.

"हिरवी, साहेब."

साहेबांचे डोळे भरून आले. "माझा माणूस आहे. विसरला नाही," म्हणाले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी अंगणात नवाकोरा नळ बसवून घेतला. तेव्हापासून रोज सकाळी खाली बादली ठेवून नळ फिरवायचे, कान लावून ऐकायचे. विकतच्या पाण्याच्या कॅनवर घर भागवत तीन महिने हे चाललं. मी समोर उभा राहून बघायचो आणि मला बरं वाटायचं.

काल सकाळी माझी बायको अर्धी कळशी घेऊन बंगल्यावर आली.

"यांना कशाला पाणी?" मी खेकसलो.

"त्या अंथरुणातल्या बाईनं कुणाचं काय वाकडं केलंय?" असं म्हणून तिनं आत जाऊन पाणी ओतलं. बाहेर आली तर साहेब नळ फिरवत होते.

"येणार गं पाणी," साहेब तिला म्हणाले. "अर्जावर हिरवी सही आहे. निळी असती तर आशा सोडली असती. निळीवर काम होतच नसतं."

बायको थांबली. माझ्याकडे वळली. "आपल्या अर्जावरची कोणती होती हो?"

"हिरवी," मी म्हणालो. पापणी हलली नाही माझी.

"मग तेव्हा का नाही आलं?" एवढंच बोलून ती फाटकाकडे निघाली.

साहेबांचा हात नळावरून खाली आला. बारा वर्षांपूर्वीची शाई त्यांना पक्की आठवत होती. 'हिरवी' म्हणताना माझी पापणी हलत नाही, हे त्यांनी आत्ताच पाहिलं होतं.

"दोन्ही निळ्या ना रे?"

"दोन्ही, साहेब."

बायको फाटकापर्यंतच पोचली होती. ती वाकत वाकत परत आली आणि रिकामी कळशी तिनं माझ्या हातात कोंबली.

"धरा. पेन द्यायला हात चालला, पाण्याला का नाही चालणार?"

अख्ख्या वस्तीच्या देखत मी कळशी घेऊन उतार उतरायला लागलो. बाया दारात येऊन बघत होत्या. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते खोटं नाही. वीस पावलं गेलो असेन, तोच मागून साहेबांची हाक आली.

"अरे, आधी माझी बादली भरून आण!"