तानाबाईंचं तळवट

या पावणं, असे जवळ सरकून बसा. पखवाज अजून जुळतोय, बुवांना उभं राहायला अवकाश आहे. तेवढ्यात गेल्या वर्षीच्या सप्ताहातली एक गोष्ट सांगतो. तांदळाची आहे, आणि एका बाईची.

ते खांबाला टेकून बसलेत ना, ते आकारामदादा. त्या सकाळी त्यांच्या अंगणात पाच पायली तांदूळ पसरला होता. गिरणीतून आणलेल्या तांदळाला दोन दिवस ऊन द्यायचं आणि मग तो काल्याच्या पंगतीसाठी देवळात पोचवायचा. पंगतीआधी माईकवरून नावं वाचतात. त्यात ‘तानाबाई, तांदूळ पाच पायली’ हे नाव कधी चुकलं नव्हतं. तानाबाई म्हणजे दादांची बायको. ती जाऊन तीन वर्षं झाली होती, तरी दादा तिच्याच नावानं देत.

तांदूळ होता तिच्याच तळवटावर. युरियाची रिकामी पोती उसवून, धुऊन, गोधडीच्या सुती दोऱ्यानं एकाला एक जोडून तिनं ते अंगणभर अंथरूण केलं होतं. लुगडी वाटली गेली. तिच्या हातचं एवढंच उरलं. दादा ते गुंडाळून ठेवत नसत. पाऊसकाळ सोडला तर आठ महिने ते उन्हात असे, तिनं शेवटचं अंथरलं होतं तसंच.

सून स्नेहल गारगोटीच्या शाळेत विज्ञान शिकवते. ती तांदूळ भरायला बसली आणि थांबली.

“मामा, ह्ये बघा.”

तळहातावर दाण्यांच्या जोडीनं पांढरा चुरा होता. तिनं तळवटाला बोट लावलं, तर ते भाजल्या पापडासारखं मोडलं.

“पाखड की,” दादा म्हणाले.

“पाखडलं. दाण्याला चिकटून बसतंय.”

तिनं मूठभर तांदूळ पितळेच्या वाटीत पाण्यात टाकला. वर पिठूळ तवंग आला. दादांनी तो बोटानं बाजूला केला.

“आलं की वर. धुऊन घिऊया.”

“दिसतंय तेवढंच वर आलंय. उन्हानं प्लास्टिक कडक हुतंय, मोडतंय, मोडलेलं परत मोडतंय. डोळ्याला दिसायचं बंद हुतंय, पर कुजत न्हाय.”

“मग संपतंय कवा?”

“संपत न्हाय, मामा. नुसतं बारीक हुत जातंय. मातीत, पाण्यात, आपल्या पोटात.”

दादांनी तुळशीकडं पाहिलं. मातीत पांढरे ठिपके होते. रोज पाणी घालताना दिसायचे. त्यांना ते चुन्याचे वाटले होते. अंगणाला लागूनच भाताचं शेत. तिकडं त्यांनी पाहिलं नाही.

एवढ्यात कोठी सांभाळणारा केरबा टेम्पो घेऊन आला.

“दादा, उचलू का? वहिनीचा तांदूळ आल्याबिगर आधणाला उकळी फुटत न्हाय बघा.”

“ह्या साली न्हाय.”

केरबा हसला. “का? सूनबाईनं देवाचा वाटाबी बंद केला व्हय?”

“तिला काय बोलू नगंस. मीच न्हाय म्हणतोय.”

स्नेहल सांगायला गेली, तर दादांनी मान हलवून तिला थांबवलं. केरबा टेम्पो वळवताना म्हणाला, “बाई गेली आणि घरातला हात आखडला.” ते दोघांनाही ऐकू आलं.

“सांगायचं तरी की, मामा.”

“काय सांगू? तिच्या तळवटावरचं प्लास्टिक पोराबाळांनी खाल्लं म्हणून? लोक तिचं नाव त्याच्यासाठी काढतील.”

“मग इकत आणून देऊया तिच्या नावानं.”

“इकतचं तिचं कसं?”

“आणि हा तांदूळ?”

“मी खाईन. आजवर खाल्लाच की.”

मग ते तळवट उचलायला वाकले. धरलं तिथं ते चुरत गेलं. जमलं तेवढं झाडून त्यांनी झाकणाच्या डब्यात भरलं. ओल्या फडक्यानं अंगण पुसलं, आणि ते फडकं कुठं धुवायचं ते न कळून तेही डब्यात टाकलं. हातात उरली ती शिवण. सुती दोरा जिथल्या तिथं होता, टाक्यासकट.

काल्याच्या कीर्तनाला ते माझ्याच शेजारी होते. दोरा बोटाला गुंडाळलेला. बुवा सांगत होते, जे जे दिसतं ते सगळं शेवटी मातीत मिळतं. दादा हळूच म्हणाले, “सगळं न्हाय.” एवढंच. डोळ्यांत पाणी नव्हतं. यादी वाचून झाली तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. पंगतीत ते बसले नाहीत. पाण्याची बादली घेऊन वाढायला गेले.

अंगणातलं हे सगळं मला पुढं स्नेहलनं सांगितलं. गावात मी बोललो नाही. तुम्ही परगावचे, म्हणून तुमच्याजवळ.

आजही यादी वाचतील. सरपंच येईल, सोसायटी येईल, केरबाचं नाव दोनदा येईल. यंदाही दादांनी तांदूळ दिलेला नाही, तिचं येणार नाही. तांदळाच्या नावांपाशी वाचणारा श्वास घ्यायला थांबतो. तेवढ्या वेळात, पावणं, तुम्ही मनातल्या मनात घ्या. तानाबाई. पाच पायली.