बकुळाच्या तेलाचा पळा

मी एक पळा. आमटी वाढायचा नव्हे, तेलाचा. लांब दांडा, दांड्याच्या टोकाला आकडा, खाली पाव लिटरचं पोट आणि पोटाच्या कडेवर ओळीनं मारलेले सरकारी शिक्के. रत्नागिरीत राम आळीच्या मागच्या बोळात सदूशेटचं किराणा दुकान आहे, तिथल्या खिळ्यावर माझा मुक्काम. बसा घटकाभर, चार गोष्टी सांगतो. पण आधीच सांगून ठेवतो, माझा कुणावर पटकन विश्वास बसत नाही. मापात जन्म काढलेल्याचा बसतही नाही.

मला घडवलं तेव्हाची गोष्ट. पत्रा कापला, ठोकला, दांडा जोडला, आणि लगेच माझ्यात पाणी ओतून बघितलं की हा खोटा तर नाही! पोराला पाळण्यात घालायच्या आधी चौकीवर न्यावं, तसं झालं. त्यानंतर ठरलेल्या मुदतीनं वजनमापाचे साहेब येतात, पोट चाचपतात आणि शिक्का मारतात. मग मीही जगाकडे त्याच नजरेनं बघायला शिकलो.

गिऱ्हाईक माझ्या तळाला पोचा आहे का ते बघतं, मी गिऱ्हाइकाची बाटली बघतो. एक मास्तर यायचे. त्यांच्या बाटलीवर सुनेच्या नेलपॉलिशनं रेघ मारलेली. तेल रेघेच्या खाली राहिलं की मास्तरांचा आवाज बोळाच्या टोकापर्यंत जायचा. रेघेच्या वर गेलं की मास्तरांना एकदम घरची आठवण व्हायची. हर्णैहून लेकीकडे येणारी एक म्हातारी होती. शेवटचा थेंब बाटलीत पडेपर्यंत ती मला सोडायचीच नाही. वर सदूशेटला विचारायची, "काय ओ शेट, तुमच्या पळ्याला तान लागलीय काय? पिऊन टाकतो तो."

आणि सदूशेट? माणूस गोड. आल्यागेल्याला "या, बसा" म्हणणारा, मागितलं नसताना लेकराच्या हातावर गुळाचा खडा ठेवणारा. पण गिऱ्हाइकाचं लक्ष दुसरीकडे असलं की त्याचा हात जरासा तिरका व्हायचा. पळा तिरका बुडाला की पोट पूर्ण भरत नाही. मी बोलू शकत नव्हतो, पण माझ्या पोटाला कळत होतं.

माझं काम एकाच तेलाशी. बकुळाच्या.

बकुळा संगमेश्वरकडच्या आतल्या गावातली. नवरा मुंबईला नोकरीवर, ती घर, शेत आणि नारळ सांभाळते. नऊ वर्षांपूर्वी एका गुरुवारी ती एसटीतून उतरली ती दुधाची किटली घेऊन. झाकण उघडलं, आणि सगळ्या दुकानात ताज्या खोबऱ्याचा वास पसरला. ओला नारळ खवायचा, दूध पिळायचं, ते चुलीवर मंद आटवत बसायचं. तेल सुटून वर येतं, तळाशी तांबूस चोथा राहतो, तो गूळ घालून घरचेच खातात. या तेलाला आमच्याकडे आवेल म्हणतात. घाण्याच्या तेलापेक्षा हे न्यारं. बाळाच्या टाळूवर घालायला, बाळंतिणीच्या अंगाला, मोदक वळताना हाताला, घावन घालताना तव्याला. आणि हल्ली केसांना, तोंडाला, ओठांना, कुठे कुठे.

"शेट," ती तेव्हा म्हणाली होती, "माझं नाव कोण वळखत नाय. तुमी सांगितलंत चांगलं हाय, तर लोक नेतील."

सदूशेटनं बोटावर थेंब घेतला, चाटला, आणि गिऱ्हाइकाला सांगायला लागला, "डोळे मिटून न्या." खरं सांगायचं तर त्याची स्वतःची नजर पहिले सहा महिने त्या किटलीवरून हलली नव्हती. माझीही.

नऊ वर्षं दर गुरुवारी भरलेली किटली यायची, रिकामी परत जायची. आसपासच्या बाळंतिणींच्या घरी बकुळाचं तेल जाऊ लागलं. तिला कुणी बघितलेलं नव्हतं, तरी लोक दुकानात येऊन विचारायचे, "बकुळाचं आलं काय?"

मग गेल्या पौषात शमिका आली.

शमिका चार घरं सोडून राहते. नवीन सून, हुशार, तोंडाळ. घरातच केसांचं तेल बनवते. आमचं तेल घ्यायचं, त्यात जास्वंदीची फुलं, माका, कढीपत्ता घालून उकळायचं आणि छोट्या बाटल्या भरून मैत्रिणींना द्यायच्या. तोंडाला लावायला कॉफी आणि तेलाचं काहीतरी कालवते. सदूशेट एकदा तिला म्हणाला होता, "तोंडाला कॉफी फासतेस, आणि आम्हाला साधा चहा विचारत नाहीस गो!"

त्या दिवशी तिच्या तोंडावर हसू नव्हतं. तिनं पर्समधून बाटली काढली आणि गल्ल्याशेजारी ठेवली.

"काका, हे बघा. महिन्यापूर्वी तुमच्याकडून नेलेलं. फ्रिजमध्ये ठेवलं होतं. खाली घट्ट, वर पातळ. खरं खोबरेल असं राहत नाही, सगळं गोठतं. यात भेसळ आहे."

"आमच्याकडे? अगो, नऊ वर्षं..."

"नऊ वर्षं कुणी फ्रिजमध्ये ठेवून बघितलंय? ग्रुपवर फोटो टाकलाय मी. माझ्या तेलावर लोक विश्वास ठेवतात, काका. उद्या माझं नाव खराब झालं तर?"

आणि ती गेली. संध्याकाळपर्यंत तीन बायका आपापल्या बाटल्या घेऊन हजर. कुणाची गोठलेली, कुणाची अर्धवट, कारण कुणी फ्रिजमध्ये दहाच मिनिटं ठेवली होती. पण संशयाला घड्याळ कुठे असतं? एक बाई तर खरेदी केलेले बटाटेसुद्धा परत ठेवून गेली.

सदूशेटनं शेल्फामागे आमची किटली ढकलली. त्या दिवसांत सकाळी किटलीतलं तेल पांढरंफटक, साजूक तुपासारखं गोठलेलं असायचं. मला आत शिरता येत नसे, म्हणून तो ती पायरीवर उन्हात ठेवायचा. हे त्याला दिसत होतं. तरी स्वतःशी पुटपुटला, "ही किटली चांगली असेल. पण महिन्यापूर्वीची?" मलाही तेच वाटलं. लपवत नाही. नारळ महाग झालेत, बाई एकटी, कुणाचा हात कधी तिरका होईल काय सांगावं, असं माझ्या मनात आलंच. हात तिरका होताना मी रोज बघत होतो ना.

गुरुवारी बकुळा आली. किटली खाली ठेवली, पदरानं घाम पुसला, आणि बघते तर मागची किटली भरलेलीच.

"शेट, खपलं नाय?"

सदूशेटनं अडखळत सगळं सांगितलं. मग म्हणाला, "बकुळा, रागावू नकोस. गेल्या महिन्यात कधी कमी पडलं म्हणून काही मिसळलंस का? मला सांग. मी कुणाला बोलणार नाही."

बकुळानं किटलीचं झाकण दाबून बसवलं. मग विचारलं, "तुमी मिसळलंत काय?"

"मी?"

"मग मी कशाला मिसळीन? दुकान तुमचं, पळा तुमचा. चला त्या पोरीच्या घरी. ही किटली आणि हा पळा घेवा संगती. ज्यानं मोजलंत त्यानंच मोजा तिच्यासमोर."

जन्मात पहिल्यांदा मी दुकानाबाहेर पडलो, सदूशेटच्या काखेत. लोक बघत होते. मला तर वरात निघाल्यासारखं वाटत होतं, पण नवरदेवाची की चोराची, ते कळत नव्हतं.

शमिकाच्या स्वयंपाकघरात तिची सासू, गंगाकाकू, घावन घालत होती. बकुळानं धुतलेला काचेचा ग्लास मागितला. तो स्वतः पदरानं कोरडा पुसला. सदूशेटनं मला किटलीत बुडवलं, सरळ, काठोकाठ. सगळे बघत होते ना!

शमिकानं ग्लास फ्रिजमध्ये ठेवला. "अर्धा तास लागेल," ती ताठ आवाजात म्हणाली.

"लागू दे," बकुळा म्हणाली. "मना साडेपाचची एसटी हाय."

आता अर्धा तास चौघं काय करणार? कोकणातलं घर आहे, भांडायला आलेल्यालाही उपाशी कसं ठेवणार? गंगाकाकू म्हणाली, "बसा, घावन खावा. भांडण खाऊनच बरं होतं." तिनं नारळाची शेंडी शेगडीजवळच्या वाटीत बुडवली, तव्यावर फिरवली, पीठ ओतलं. चर्र झालं. जाळीदार घावन बकुळाच्या ताटलीत आला.

बकुळानं एक तुकडा तोंडात घातला. चावता चावता थांबली.

"काकू, तव्याला कुठचं तेल?"

"तुझंच की. शमीच्या बाटलीतलं वाटीत काढून घेते मी."

"माझ्या तेलाला तिळाचा वास कुठनं आला?"

"अगो, तो मी घातलाय ना!" गंगाकाकू उलथनं हलवत म्हणाली. "थंडीत खोबरेल गोठतं. रोज सकाळी कोण बाटली उन्हात ठेवणार? मी पौष लागला की त्यात चांगल्या तीन-चार पळ्या तिळाचं तेल ओतते. गोठत नाही, आणि डोक्याला सर्दी पण होत नाही. आमच्या सासूबाईंनी शिकवलंय."

तव्यावरचा दुसरा घावन करपायला लागला.

"आई!" शमिका एवढंच म्हणाली.

"काय आई? तू विचारलंस काय कधी? फ्रिजला विचारलंस, मोबाईलला विचारलंस. मी इथेच तर उभी असते."

शमिकानं ग्लास काढला. तेल तळापासून वरपर्यंत पांढरंशुभ्र. ग्लास उलटा केला तरी थेंब हलेना. पोरगी खोटी नव्हती. तिथंच उभ्या उभ्या तिनं ग्लासाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं की चूक माझ्या घरची होती, आणि बकुळाचे पाय धरायला वाकली.

"रवू दे गो," बकुळानं तिला उठवलं. "तू मना वळखत नव्हतंस. तुझा राग नाय."

सदूशेटला हायसं वाटलं. "चला, मिटलं!" तो म्हणाला. "उद्या किटली पुढे मांडतो. डोळे मिटून न्या म्हणून सांगतो सगळ्यांना."

बकुळा त्याच्याकडे वळली. आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर बरं झालं असतं.

"शेट, तिनं फोटो घातलान, तिचं ठीक हाय. तुमी नऊ वर्षं वळखता मना. माझी गोठलेली किटली तुमच्या डोळ्यासमोर उन्हात होती. ती तुमी मागं ढकललीत." ती किटली उचलून दाराकडे गेली. "तेल बंद नाय करणार. बाळंतिणींच्या घरी जातं ता. पण आता किटली नाय येणार."

आणि खरंच नाही आली. पुढच्या गुरुवारी आल्या भरलेल्या बाटल्या, झाकणाला पट्टी मारलेली, वर तिचं नाव छापलेलं. मोजायला काही उरलंच नाही. सदूशेट त्या बाटल्या दोन्ही हातांनी उचलून मांडतो. हात तिरका करायला जागाच ठेवली नाही तिनं.

माझ्या अंगावरचं शेवटचं तेल कधीच सुकलं. तळाशी धूळ बसलीय. वजनमापाचे साहेब परवा आले, मला हातात घेतलं आणि विचारलं, "हा वापरात आहे?" सदूशेट "नाही" म्हणाला. शिक्का न मारता त्यांनी मला परत टांगलं. पहिल्यांदाच माझ्यावर कुणी संशय घेतला नाही, आणि मला अजिबात आनंद झाला नाही.

तुम्हाला एकच मागणं आहे. भेसळ जगात आहे, मी नाही म्हणत नाही, डोळे उघडे ठेवाच. पण पुढच्या वेळी तेल विकणाऱ्या बाईला नावं ठेवण्याआधी बाटलीवर खाली बारीक अक्षरात काय छापलंय ते वाचा. बकुळानं स्वतः सांगून छापून घेतलंय ते. मला खिळ्यावरून रोज दिसतं:

'थंडीत गोठेल. उन्हात ठेवावे. गोठले नाही, तर आधी घरात विचारावे.'