नेव्हिल शांत आहे

एकोणीस वर्षं मदतनीस म्हणून काढल्यावर, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मी बौद्धिक दिव्यांगांची परिचारिका होण्यासाठी पदवीला प्रवेश घेतला. चार दिवस काम, एक दिवस कॉलेज, पगार चालू. माझी मार्गदर्शक ब्रॉनी सत्तावीस वर्षांची. माझ्या प्रात्यक्षिकांच्या पुस्तिकेवर तिची सही झाली तर मी पुढच्या वर्षात जाणार, त्यामुळे वयाचा मान मला मिळे आणि भीती तिची वाटे.

मी काम करते त्या, इंग्लंडमधल्या बर्नलीच्या घरात असे चौघे दिव्यांग राहतात. नेव्हिल चोपन्न वर्षांचा, बोलत नाही. रोज सकाळी पहिला टोस्ट तो भिंतीवर भिरकावतो. त्या मंगळवारी भिरकावला नाही.

"देव पावला गं जनीन," सोबतची मदतनीस लिंडसे म्हणाली. "आज भिंत पुसायची नाही."

मी नोंदवहीत लिहिलं : शांत. समाधानी.

अकरा वाजता चहा घेऊन गेले, तर तो गुडघे पोटाशी घेऊन बसलेला. कपाळावर घाम. अकरा वर्षांत मी नेव्हिलला इतका वेळ एका जागी पाहिलं नव्हतं.

मी शौचाचा तक्ता काढला. त्यावर मलाच्या सात प्रकारांची चित्रं असतात आणि प्रत्येक पाळीनं खूण करायची असते. पण नेव्हिल दार लावून घेतो, म्हणून त्याच्या देखभालीच्या योजनेत लिहिलंय, 'स्वावलंबी. खासगीपणा जपावा.' तो आम्ही इतका जपला की नऊ दिवस प्रत्येकानं 'स्वतः जातो' एवढंच लिहिलं होतं. जात होताच. आत काय होत होतं ते कुणी विचारलं नव्हतं. चार ठिकाणी अक्षर माझं होतं. अशी माणसं साध्या बद्धकोष्ठानं मरतात, यावर पहिल्याच सत्रात मी निबंध लिहिला होता. बहात्तर गुण पडले होते.

मी आधी रुग्णवाहिकेला फोन केला, मग ब्रॉनीला. दुसरा फोन लावायला मला जास्त वेळ लागला.

ब्रॉनीही इस्पितळात पोचली. तिथला डॉक्टर पोरगेलासा होता, जागून डोळे लाल.

"हे एरवी असेच असतात का?"

"नाही."

"पण बोलत नाहीत ना?"

"कधीच नाही."

"मग दुखतंय कशावरून?"

"आज टोस्ट भिंतीवर भिरकावला नाही, त्यावरून."

शेजारची खाट माझ्यासाठीच हवी होती की काय, अशा नजरेनं त्यानं माझ्याकडे पाहिलं. "पोट साफ होण्याचं औषध देतो. घरी न्या."

मी ब्रॉनीकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून गप्प उभी. माझी परीक्षा घेतेय, असं मला वाटलं. डॉक्टरशी वाद घालणारी शिकाऊ बाई कॉलेजात कुणाला आवडते, कोण जाणे.

"पोटाला हात लावल्याशिवाय मी याला नेणार नाही," मी म्हटलं.

"तुम्ही नर्स आहात?"

"नाही. शिकतेय."

"मग?"

"मग शिकवा. हात लावून दाखवा."

त्यानं हात लावला, पोट दाबलं, आणि त्याचा चेहरा उतरला. त्यानंतर नेव्हिलला घरी नेण्याबद्दल कुणी बोललं नाही. आतडं तुंबलंय, तातडीनं शस्त्रक्रिया, म्हणत लोक पळायला लागले.

शस्त्रक्रियागृहाच्या दारापर्यंत नेव्हिलनं माझा अंगठा धरला होता. भूल देणाऱ्या बाईंनी विचारलं, "घाबरलेत का हे?" मी म्हटलं, "हो, आम्ही दोघं." त्यांनी त्याची बोटं एकेक करून सोडवली.

बाहेर बाकावर मी ब्रॉनीला म्हटलं, "तक्त्यावर चार सह्या माझ्या आहेत."

"माहितीय. मी आणलाय तो." तिनं पिशवीतून कागद काढला. "आणि आठवड्याची तपासणी केल्याची ही सही माझी."

"मघाशी तू बोलली का नाहीस?"

"माझी वाचाच बसली होती गं."

"माझ्या पुस्तिकेचं काय?"

"आज माझ्याकडे कुणी सही मागू नये, जनीन."

दोन तासांनी शल्यविशारद बाहेर आले. आतड्याचा तुकडा काढावा लागला, म्हणाले. जिवंत आहेत, पण पुढचे दोन दिवस कठीण. "बोलत नाहीत म्हणे. दुखतंय हे आम्हाला कसं कळणार? यांना नीट ओळखणारं कोण आहे इथे?"

मी हात वर केला. उत्तर येत नसताना वर्गात करतात तसा, कोपरातून अर्धाच.