फ्लेक्सवरची तारीख

चौसाळ्याच्या चौकात वाढदिवसापासून बदलीपर्यंत कशाचाही फ्लेक्स लागतो. त्रिंबकरावांचा सोमेश्वर तर नौदलात, तोही लढाऊ विमानं वाहून नेणाऱ्या जहाजावर. मग त्यांनीच का मागं राहावं? 'अकरा तारखेला मोहिमेवर निघणाऱ्या सोमेश्वरला हार्दिक शुभेच्छा', खाली जहाज आणि वर, रिवाजाप्रमाणे, जहाजाहून मोठे पुढारी विजयसिंहभैय्या. दिवसभर त्रिंबकरावांची मान ताठ होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोमेश्वरचा फोन आला. कुणीतरी फ्लेक्सचा फोटो स्टेटसला ठेवला होता.

"आण्णा, ती तारीख तुमच्यापुरती सांगितलती. आदी फ्लेक्स काढा."

"आरं, एवढं मोठं जहाज तुमचं. त्याला काय हुतंय?"

"मोठं हाय म्हनूनच भ्याव हाय. भर समुद्रात सापडत न्हाई तवर ठीक. निघायचा दिस कळला की वाटंत पाणबुडी दबा धरून बसती. काय झालं ते कळायच्या आत खेळ खलास. हजारावर माणसं हायेत वर. मी सायबाला कळवतोच. पर फ्लेक्स कावून काढला ते कुणाला सांगू नका, आईलाबी न्हाई. सांगितलं की तारीख खरी हाय हे समद्यांला कळंल."

त्रिंबकराव विळा घेऊन तडक चौकात गेले, टपरीचं बाकडं ओढून वर चढले आणि दोऱ्या कापल्या. फ्लेक्स खाली आला तो भैय्यांच्या तोंडावर. पुढाऱ्याचा फोटो असा मातीत पाडणं म्हणजे भांडणाला आमंत्रणच. भैय्यांचा कार्यकर्ता हनुमान धावत आला.

"काय ओ त्रिंबकराव, भैय्याला पाडता व्हय? कावून?"

खरं कारण जिभेवर होतं. त्रिंबकरावांनी ते गिळलं.

"पोरगं न्हाई चाललं," ते म्हणाले. "भ्यालं. उतरवलं त्याला जहाजावरून."

हनुमानचा राग कुठल्या कुठं पळाला. तो फ्लेक्सची घडी घालायला लागला. त्याची ती दया त्रिंबकरावांना शिवीपेक्षा जास्त लागली.

ते घरी पोचेपर्यंत बातमी पुढं गेली होती. सुभद्राबाई दारातच उभ्या होत्या, डोळे ओले. आता ही तोंड सोडणार, असं समजून त्रिंबकरावांनी खाली बघतच चपला काढल्या.

"भ्यालं तर भ्यालं," सुभद्राबाई म्हणाल्या आणि नवऱ्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. "वाचलं माजं लेकरू. आज लई दिसानं झोप लागंल बगा मला."

त्रिंबकरावांनी गूळ तोंडात टाकला आणि मान हलवली.