खिडकीबाहेरचा हात

"अहो, हात हलवू नका जरा," मी वैतागून म्हटलं, तसे हे हसायलाच लागले. उजव्या हाताच्या केसांत कोपरापर्यंत पांढरं प्लास्टर सुकून बसलेलं. खोबरेल चोळचोळून माझी बोटं दुखायला लागली, आणि ह्यांना कौतुक सुचत होतं. कंपनीने ह्यांच्या हाताचा साचा घेतला होता म्हणे.

कंपनी म्हणजे हाटकेश भागातल्या एका गाळ्यातली चार-पाच पोरं. त्यांनी विनाड्रायव्हरचा टेम्पो बनवलाय. काशीमीऱ्याच्या गोडाऊनमधून माल उचलायचा नि हाटकेशला आणायचा, सगळं आपलं आपण. आणि अशा टेम्पोत नोकरी कोणाला लागावी, तर आमच्या ह्यांना. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस. साखरेने नजर अधू झाली, ट्रक सुटला, आणि घरात बसून माझं डोकं खायला लागले. भाजी बारीक चीर, गॅस कमी कर, दार कोणी वाजवलं बघ. जीव नकोसा केला होता.

तर झालं असं, की हा शहाणा टेम्पो नाक्यावर आला की थांबायचा. दिवा लुकलुकवत उभा. काशीमीऱ्याला दिव्याला विचारतो कोण? ट्रकवाले, बसवाले, रिक्षावाले त्याच्या नाकासमोरून घुसायचे, आणि मागचे त्याच्या नसलेल्या ड्रायव्हरची आई-बहीण काढायचे. शेवटी पोरांच्या डोक्यात प्रकाश पडला. इथे गाडी गाडीला थांबत नाही, हाताला थांबते. म्हणून ह्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. स्टेअरिंगला हात लावायचा नाही, ब्रेकला पाय लावायचा नाही. नाका आला की खिडकीतून हात काढायचा नि पंजा दाखवायचा, थांब रे बाबा. संपलं काम.

ऐकून मी कपाळ बडवून घेतलं. पण हे रोज इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे. जेवताना कुठला ट्रेलर कसा कचकन थांबला, त्याचं पुराण. ऐकून ऐकून कान किटले, तरी खरं सांगते, माणूस परत माणसात आला होता. ही नोकरी टिकावी, एवढंच मागणं होतं माझं. आणि आता हा साचा.

"साचा कशाला घेतात माहितेय ना?" मी विचारलं.

"ऑफिसात ठेवतील, काचेच्या कपाटात. कंपनीचे निहार सर स्वतः म्हणाले, महिपतकाका, असा हात दुसरा नाही मिळणार."

"नाही मिळणार, म्हणूनच बनवतायत."

ह्यांना काही पटेना. तुला कोणाचं चांगलं बघवतच नाही, म्हणाले. मी रागाने इतकं चोळलं की कातडं लाल झालं. साचा घेताना प्लास्टर लवकर सुकावं म्हणून पंखा लावायलाही ह्यांनीच सांगितलं होतं. काय म्हणावं अशा माणसाला?

महिन्याभरात तो निहार मिठाई घेऊन घरी आला. पोरगा वाईट नाही. वाकून पाया पडला, चहा घेतला. काकांचा हात आता इतर शहरांतल्या टेम्पोंनाही लागणार, पैसे गुंतवणाऱ्यांना फार आवडला, असं काय काय सांगत बसला. काकांनी आता आराम करावा, म्हणाला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ह्यांनी डोळ्यांनी दटावलं.

"मग सीटवर कोण बसणार?" ह्यांनी विचारलं.

"कोणी नाही, काका."

ह्यांनी मान हलवली आणि त्याला आणखी एक पेढा दिला.

काल डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघालो होतो. नाका ओलांडताना नेमका तोच टेम्पो आला. आत कोणी नाही. खिडकीतून रबरी हात बाहेर निघाला. ट्रकचा जॅक निसटून वाकडं झालेलं ह्यांचं मधलं बोटसुद्धा हुबेहूब. समोरचा ट्रेलर गपकन थांबला. माझ्या अंगाची आग आग झाली. मी त्या रबराला भीक घालणार नव्हते, तरातरा पुढे निघाले. ह्यांनी दंड धरून मागे ओढलं.

"थांब. हात दाखवलाय त्याने."

"अहो, तुमचाच हात आहे तो."

"असू दे. थांब."

टेम्पो गेला. ट्रेलर गेला. रस्ता मोकळा झाला तरी हे तिथेच उभे. शेवटी मीच ह्यांचा हात धरला आणि पलीकडे नेलं.