जुन्या पत्त्यावर गेलेला डीबगर

हात नाहीत, पाय नाहीत, तरी धावत्याला जागच्या जागी थांबवणारा मी कोण, मित्रांनो? मी एक जुना डीबगर आहे! प्रोग्राम बिघडला की मला बोलावतात. सांगाल त्या ओळीवर मी त्याला थांबवतो आणि त्याच्या डोक्यात काय शिजतंय ते दाखवतो.

काही हौशी मंडळींनी फावल्या वेळात मला घडवलं. उमेदीच्या काळात माझं फार कौतुक झालं. मग रंगीबेरंगी खिडक्यांचे नवे डीबगर आले आणि मी अडगळीत पडलो. पण त्या सकाळची आठवण झाली की अंग नसूनही माझ्या अंगावर काटा येतो!

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघी बहिणी बसल्या होत्या. शेजारी त्यांचे बाबा, पोहणं शिकवणारे मास्तर. त्यांची हाक तलावाच्या या टोकाहून त्या टोकाला जायची. घशाच्या ऑपरेशननंतर तो आवाज कायमचा गेला. म्हणून धाकटीने एक डबी बनवली होती. बाबांनी टाइप करायचं आणि डबीने बोलायचं. त्या दुपारी मुलांची शर्यत होती, आणि शर्यतीआधी मुलांशी बोलल्याशिवाय बाबा कधी राहिले नव्हते. पण डबी पहिला शब्द बोलून गप्प बसायची. बाबांनी ‘खांदे सैल सोडा’ लिहिलं की ती नुसतं ‘खांदे’ म्हणायची!

धाकटीचा कॉम्प्युटर नेमका दुरुस्तीला गेलेला. थोरलीने बाबांच्या कॉम्प्युटरवर एका नव्या फोल्डरमध्ये ताजा कोड उतरवला आणि मला हाक मारली. मी तर हुरळूनच गेलो!

डबीतला प्रोग्राम धाकटीच्या कॉम्प्युटरवर तयार झाला तेव्हा त्याच्यात कोडच्या फाइलचा पूर्ण पत्ता लिहिला गेला होता, अगदी मुळापासून धाकटीच्या फोल्डरपर्यंतचा. मी थेट त्या पत्त्यावर गेलो. बाबांच्या कॉम्प्युटरवरही तिथे त्याच नावाची फाइल होती! ती उघडून मी ऐटीत समोर मांडली. थोरलीने संशयाच्या ओळीवर खूण केली आणि प्रोग्राम सुरू केला. मी थांबलोसुद्धा. पण पडद्यावर एक ओळ दिसत होती आणि प्रोग्राम करत होता भलतंच.

“याला म्हातारचळ लागलाय,” थोरली वैतागली. “काढूनच टाकते आता!”

“थांब गं ताई!” धाकटी ओरडली. “ही ‘नमस्कार बाबा’ची ओळ बघ. ही तर मी कधीच पुसली होती! अगं, ही माझी जुनी फाइल आहे. मी आधी बाबांच्या याच कॉम्प्युटरवर काम करायचे ना? पुढे माझ्या कॉम्प्युटरवरही फोल्डरांना तीच नावं दिली.”

“म्हणजे हा बिचारा दिलेल्या पत्त्यावरच गेला?”

“मग काय! पत्ता आपला आणि बोलणी याला.”

धाकटीने मला नीट सांगितलं, की जुना पत्ता दिसला तर त्याच्या जागी हे नवं फोल्डर धर आणि तिथून पुढे चाल. मी सुसाट निघालो! खरी फाइल उघडली, खऱ्या ओळीवर थांबलो, आणि चोर सापडला. दोन शब्दांमधली मोकळी जागा आली की प्रोग्रामला वाटायचं, वाक्य संपलं! धाकटीने ती ओळ सुधारली. प्रोग्राम पुन्हा तयार करताना पत्तेही फक्त कामाच्या फोल्डरपासून पुढचे लिहिले.

बाबांनी टाइप केलं. आम्ही सगळे श्वास रोखून बसलो.

“पोरींनो, तुमचं झालं असेल तर निघूया का? मुलं वाट बघत असतील,” डबी म्हणाली.

अख्खं वाक्य, मित्रांनो! थोरलीने टाळ्या पिटल्या. धाकटी मात्र टेबलावर डोकं टेकून रडायलाच लागली. बाबांनी तिच्या पाठीवरून एक हात फिरवला आणि दुसऱ्या हाताने टाइप केलं.

“रडायचं नंतर. आधी माझा टॉवेल आण.”

म्हणून माझी एवढीच विनवणी आहे. एकाच घराचा पत्ता प्रोग्राममध्ये कायमचा कोरू नका, कारण घरं बदलतात आणि कॉम्प्युटरही बदलतात. आणि माझ्यासारखा एखादा जुना सोबती वाट चुकला, तर त्याला मोडीत काढण्याआधी कुठून निघायचं ते सांगून बघा. तो जीव तोडून पोचेल.